कोर्टात टिकणारा आकडा

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये पाचशेच्या नोटांचं एक बंडल कमी भरलं. किंमत पाच लाख रुपये. जिथे कागदाचा तावन् ताव मोजून दिला-घेतला जातो, तिथली ही गोष्ट. अंतर्गत चौकशी झाली, महिने गेले आणि जुलैमध्ये उपनगर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. प्रेसमधून पैसे चोरीला गेले, अशी चर्चा गावभर झाली. तपासात निघालं ते निराळंच. खराब छपाईच्या नोटा पंच करून रद्द करतात. त्या कामात हे चांगलं बंडलही चुकून पंच झालं होतं आणि ज्यांच्या हातून ते झालं त्यांनी ते वेळेवर सांगितलं नव्हतं.

पैशांच्या बहुतेक भांडणांची सुरुवात इथेच होते. हिशेबात काहीतरी सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे कुणीतरी खाल्लं, असं गृहीत धरलं जातं. या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर असतं. ते अंतर कागदपत्रांच्या आधारे, पायरीपायरीने मोजणं हे फॉरेन्सिक अकाउंटंटचं काम. चोर पकडून देणं हे त्याचं काम नाही. अनेक अशिलांची निराशा होते ती नेमकी इथे.

आपला नेहमीचा सीए ऑडिट करतोच, मग हा वेगळा माणूस कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. वार्षिक ऑडिट करणारा नमुन्यादाखल व्यवहार तपासतो आणि ताळेबंद एकंदरीत खरी स्थिती दाखवतो का, एवढं सांगतो. आपल्यासमोर ठेवलेला कागद बनावट असेल, असं धरून तो कामाला बसलेला नसतो. पीएमसी बँकेचं उदाहरण महाराष्ट्राला चांगलं आठवत असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदाराला आपल्याच खात्यातून सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. एचडीआयएल समूहाची थकलेली ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली होती. ही खाती बँकेच्या संगणकप्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीसाठी जी यादी दिली जाई, त्या यादीपुरतीच ती जिवंत होती. ऑडिट दरवर्षी होतच होतं. घोटाळा उघडा पडल्यावर ग्रँट थॉर्नटन या संस्थेला फॉरेन्सिक तपासणी दिली गेली, कारण आता प्रश्न बदलला होता. ‘ताळेबंद बरा आहे का’ हे कुणाला विचारायचं नव्हतं. ‘या एका समूहाकडे नेमके किती पैसे गेले आणि ते कोणत्या वाटेने गेले’ हे हवं होतं.

वर्षाच्या हिशेबावर सही करणारा आणि त्याच हिशेबावर संशय घेणारा माणूस एकच असू नये, ही समज आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत हिशेब ठेवणारा फडणीस आणि तो तपासणारा मुजुमदार ही दोन निराळी पदं होती. आज मात्र वाद झाला की पहिला फोन घरच्या सीएला जातो आणि तोच तज्ज्ञ म्हणून उभा राहतो. मग उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो: “हे ताळेबंद आपल्याच सहीचे आहेत ना?” त्यापुढे त्याने काहीही सांगितलं तरी त्याचं वजन उतरलेलं असतं.

आता या माणसाचं काम जवळून पाहू. नाशिकच्या कोर्टात येणाऱ्या दाव्यांत सहज शोभेल असं एक कल्पित प्रकरण घेतो. पिंपळगाव बसवंतजवळ दोन भागीदारांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. एक भागीदार शेतकऱ्यांकडून माल घेतो आणि निर्यात बघतो, दुसऱ्याने भांडवल घातलंय, तो नाशिकला राहतो. हंगाम संपल्यावर वहीत निर्यातीच्या पाच-पाच किलोच्या ३ लाख १० हजार पेट्या दिसतात. नाशिकच्या भागीदाराला कुणीतरी सांगतं, “अहो, याहून किती तरी जास्त माल गेला. रात्रीचे कंटेनर भरले जात होते.” झालं, वकिलाकडे धाव.

रात्री भरलेल्या कंटेनरच्या गोष्टी पुरावा म्हणून चालत नाहीत. विक्रीच्या वहीतून तर काहीच मिळणार नाही, कारण लपवायचं असेल तर माणूस तीच वही आधी सांभाळतो. म्हणून फॉरेन्सिक अकाउंटंट अशा गोष्टीकडे वळतो जी लपवायचं कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं. निर्यातीच्या द्राक्षपेटीत घडांवर गंधकाचा वायू सोडणारा एक कागदी पॅड ठेवतात, बुरशी धरू नये म्हणून. पॅकहाउसमध्ये त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. पेटीला एक पॅड. म्हणजे पॅड किती लागले हे कळलं की पेट्या किती भरल्या याचा अंदाज बांधता येतो. ताजी द्राक्षं जीएसटीमुक्त आहेत, त्यामुळे मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल शोधत बसण्यात अर्थ नाही. पण पॅड, खोकी, पनेट यांच्यावर कर आहे आणि पुरवठादाराने भरलेल्या विवरणपत्रांत ही खरेदी उमटलेली असते. भागीदाराने बिल फाडलं तरी पुरवठादाराची नोंद फाटत नाही.

समजा हंगामात ४ लाख पॅड विकत घेतले, आरंभी २० हजार शिल्लक होते आणि शेवटी २५ हजार उरले. म्हणजे ३ लाख ९५ हजार लागले. वहीतल्या पेट्या ३ लाख १० हजार. फरक ८५ हजार पेट्यांचा. किलोला ८० रुपये धरले तर ३ कोटी ४० लाख रुपये. दाव्यात हा आकडा लिहायचा मोह वकिलाला आणि अशिलाला, दोघांनाही होतो.

खरा तज्ज्ञ इथून पुढे काम सुरू करतो आणि ते काम स्वतःच्याच आकड्याविरुद्ध असतं. शेजारच्या पॅकहाउसला ३० हजार पॅड हातउसने दिल्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप सापडतात आणि त्या शेजाऱ्याच्या स्टॉकच्या वहीतही ते दिसतात. तेवढे वजा. काही माल तपासणीत नाकारला जाऊन पुन्हा भरावा लागला, त्यात १२ हजार पॅड दुसऱ्यांदा लागले. त्याचे कागद आहेत. तेही वजा. राहिले ४३ हजार. फाटणं, भिजणं यासाठी वापराच्या २ टक्के धरले तर आणखी ७,९०० गेले. उरल्या ३५,१०० पेट्या, म्हणजे १,७५,५०० किलो. ८० रुपयांच्या भावाने १ कोटी ४० लाख ४० हजार. ३ कोटी ४० लाखांचा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि तोही आपल्याच तज्ज्ञाने आणला.

पण अजून एक गाठ आहे आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. या जादा मालाची द्राक्षं कुणाच्या पैशाने घेतली? शेतकऱ्यांचे पैसे, मजुरी, प्रीकूलिंगची वीज हे सगळं फर्मच्या खर्चात पडलं असेल तर विक्रीची संपूर्ण रक्कम फर्मची. खरेदीही वहीबाहेर झाली असेल तर फर्मचं नुकसान फक्त नफ्याएवढं. किलोमागे १२ रुपये नफा धरला तर २१ लाख ६ हजार. १ कोटी ४० लाख आणि २१ लाख या दोन्ही आकड्यांत बेरीज-वजाबाकीची चूक नाही. कोणता लागू पडतो हे साक्षीपुराव्यावर ठरेल आणि ते ठरवायचं न्यायाधीशांनी. चांगल्या अहवालात दोन्ही आकडे असतात, आणि कोणती गोष्ट सिद्ध झाली तर कोणता धरायचा, हेही लिहिलेलं असतं. एकच एक गोल आकडा ठामपणे सांगणारा अहवाल वाचताना अशिलाला बरं वाटतं. समोरच्या वकिलाला त्याहून बरं वाटतं.

एकाच खुणेवर तो थांबत नाही. खोक्यांची खरेदी पॅडांशी जुळते का, वीजबिलाचे युनिट हंगामाच्या कोणत्या आठवड्यांत चढले, भाड्याच्या गाड्यांच्या फास्टॅगवर घोटीच्या टोलनाक्याच्या किती नोंदी आहेत, वजनकाट्याच्या पावत्या काय सांगतात. युरोपला जाणाऱ्या मालासाठी अपेडाच्या ग्रेपनेट या प्रणालीत बागेची नोंदणी आणि मालाचा माग ठेवलेला असतो, तोही लावून पाहता येतो. तीन-चार निरनिराळ्या वाटांनी एकाच आकड्याच्या आसपास पोचता आलं तर तो आकडा भक्कम. एक वाट भलतीकडेच गेली तर तेही अहवालात लिहायचं असतं.

आकड्यांच्या काही गमतीदार कसोट्याही तज्ज्ञांच्या हाताशी असतात. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाला १८८१ मध्ये दिसलं की लॉगच्या कोष्टकांची सुरुवातीची पानं जास्त मळलेली असतात. पुढे १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डने बऱ्याच आकडेवारीवर ते तपासलं: आपोआप घडलेल्या संख्यांमध्ये पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के आणि ९ असण्याचं पाच टक्क्यांहूनही कमी. मनाने रचलेल्या बिलांत हे प्रमाण सहसा मोडतं. कुठे खणायचं ते सांगायला ही कसोटी छान आहे. पण केवळ तिच्या जोरावर कुणी कोर्टात गेला तर हसू होईल, कारण प्रामाणिक हिशेबही कधी कधी या कसोटीत नापास होतो. दर महिन्याला तेच भाडं देणाऱ्याच्या खर्चात पहिला अंक तोच येणार.

नेमणुकीचं काम बिघडतं ते बहुधा पहिल्याच प्रश्नावर. “माझ्या भागीदाराने पैसे खाल्ले का ते सांगा,” असं लिहून दिलं की तज्ज्ञाने काही सांगण्याआधीच त्याच्यावर पक्षपाताचा शिक्का बसतो. लबाडी झाली की नाही हा निष्कर्ष कोर्टाचा. आयसीएआय या सीएंच्या संस्थेने फॉरेन्सिक कामासाठी स्वतंत्र मानकं केली आहेत आणि १ जुलै २०२३ पासून ती सदस्यांना बंधनकारक आहेत. त्यांतही कुणाला दोषी ठरवणारं मत देऊ नये हेच धोरण आहे. प्रश्न असा हवा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फर्मने किती माल बाहेर पाठवला असावा, वहीत किती दिसतो, फरक किती, आणि त्या फरकाची संभाव्य कारणं कोणती. काळ ठरलेला, फर्म ठरलेली, कागद ठरलेले. ‘सगळंच बघा’ असं सांगणाऱ्या अशिलाचं बिल फुगतं आणि अहवाल मात्र पसरट होतो.

माणूस निवडताना पाटीवर जाऊ नका. आपल्याकडे फॉरेन्सिक अकाउंटंट या नावाचा वेगळा सरकारी परवाना नाही. उद्या कुणीही ते बिरुद कार्डावर छापू शकतो. निदान तो सीए आहे का, आयसीएआयचा सदस्य आहे का, फॉरेन्सिकचा अभ्यासक्रम केलाय का, अहवालावर यूडीआयएन हा पडताळता येणारा क्रमांक टाकणार का, हे पाहता येतं. माझ्या मते त्याहून मोलाचे प्रश्न दोन. पहिला, आजवर किती वेळा उलटतपासणीला उभे राहिलात? दुसरा, ज्याने तुम्हाला नेमलं त्याच्याच विरुद्ध जाणारा निष्कर्ष कधी दिलात का? दुसऱ्या प्रश्नाला जो “नाही” म्हणेल त्याच्याकडे चहा घ्यावा आणि निघावं.

धंद्याची माहिती असणं हाही भाग मोठा आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कच्या कारखान्यात भंगार किती निघतं हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञाला पत्र्याच्या वजनातली घट चोरी वाटेल. कांद्याच्या चाळीतली सड आणि वजनातली तूट ज्याने पाहिली नाही, तो लासलगावच्या व्यापाऱ्याच्या स्टॉकचं काय करणार? मुंबईतल्या मोठ्या फर्मचं नाव कोर्टात भारदस्त दिसतं खरं. पण काम तिथला नुकताच पास झालेला मुलगा करणार असेल तर त्या नावाला तुम्ही पैसे कशाचे देताय, हे विचारून घ्यावं. साक्षीला कोण उभं राहणार, हे नेमणूकपत्रात नावानिशी लिहून घ्यावं.

फी किती, हे कामावर ठरतं. पण कशी, याला कायद्याची चौकट आहे. “वसूल होईल त्याच्या १० टक्के देतो” असा सौदा सीएशी करता येत नाही. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टात, कामाच्या निष्कर्षावर किंवा निकालावर अवलंबून असलेली फी घेणं काही ठरावीक अपवाद वगळता व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. आणि हा नियम अशिलाच्याच हिताचा आहे. निकालात ज्याचा वाटा आहे त्याच्या मतावर कोणता न्यायाधीश विसंबेल? फी तासांवर किंवा टप्प्यांवर ठरवावी आणि साक्षीच्या दिवसांची वेगळी. आधी एक छोटा टप्पा ठेवणं शहाणपणाचं: कागद पाहून वादात दम आहे का, एवढंच सांगायचं. तिथेच “नाही” आलं तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

नेमणूक वकिलामार्फत करावी. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते सीएशी झालेल्या बोलण्याला नाही. “साहेब, थोडेफार मीही कॅशमध्ये घेतले होते,” हे वाक्य कुणापुढे उच्चारायचं, ते आधी ठरवलेलं बरं. नाशिकच काय, कुठल्याही व्यापारी गावात भागीदारीच्या भांडणात दोन नंबरचा प्रश्न येतोच. रोखीतला हिस्सा दोघांनीही घेतलेला असतो आणि दावा लावणाऱ्याला वाटतं, आपण फक्त समोरच्याचं उघडं पाडू. तज्ज्ञाचा अहवाल एकदा कोर्टात दाखल झाला की तो दोन्हीकडून वाचला जातो, आणि कधी कधी आयकर खातंही वाचतं.

कागद मिळवण्यासाठी लगेच कोर्टात धावायची गरज नसते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक भागीदाराला फर्मच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. कलम ९ प्रमाणे एकमेकांना खरा हिशेब देणं बंधनकारक आहे. लेखी मागणी करावी, पोच घ्यावी. नकार आला तर तोही उपयोगी कागद आहे. फर्म नोंदणीकृत नसेल तर बरेच दावे अडतात, पण विसर्जनाचा किंवा विसर्जित फर्मच्या हिशेबाचा दावा कलम ६९ मुळे अडत नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र उतावीळपणा महागात पडतो. रात्री ऑफिसला जाऊन टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर उतरवून घेणारे भागीदार कमी नाहीत. तो कुणी, केव्हा, कोणत्या मशीनवरून उतरवला, मधे कुणाच्या हातात होता, हे सांगता आलं नाही तर समोरचा म्हणणार, यांनीच नोंदी घातल्या. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. फाइलमधला एक अल्पविराम बदलला तरी हे मूल्य बदलतं, त्यामुळे नक्कल घेतल्यानंतर छेडछाड झाली नाही हे दाखवता येतं. आणखी एक बारकावा: कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. भागीदारी फर्मला तो लागू नाही. त्यामुळे फर्मच्या टॅलीत मार्च महिन्यातली नोंद ऑगस्टमध्ये बदलली गेली असेल तर तिचा माग राहिलेला असेलच असं नाही. जुने बॅकअप इथे कामी येतात, आणि ते बहुधा हिशेब लिहायला येणाऱ्या मुलाकडे सापडतात.

वही हाती आली म्हणून भागत नाही. जैन हवाला प्रकरणातल्या डायऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असायला हवा. सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे. आणि वही असली तरी केवळ तिच्यातल्या नोंदीवरून कुणावर देणं लादता येत नाही, स्वतंत्र पुरावा लागतो. हाच नियम आता साक्ष अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे. कच्च्या चिठ्ठीवर ‘रावसाहेब २ ला.’ असं लिहिलेलं सापडलं म्हणून रावसाहेबांकडून दोन लाख वसूल होत नाहीत. त्या दिवशी बँकेतून रोकड निघाली का, रावसाहेबांनी त्या आठवड्यात काही घेतलं का, ही जोडणी तज्ज्ञाने करायची असते.

तज्ज्ञाच्या मताला कायद्यात जागा आहे. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होती, आता साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये. जुन्या कलमात परदेशी कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे एवढंच होतं. नव्यात ‘इतर कोणतंही क्षेत्र’ आलं आहे. हिशेबाच्या तज्ज्ञाला त्यामुळे दारातच अडवणं अवघड झालं. पण मत म्हणजे निकाल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या प्रकरणात तज्ज्ञाची भूमिका सल्लागाराची असल्याचं सांगितलं. त्याने आपला आधार आणि कारणं कोर्टापुढे मांडायची, म्हणजे न्यायाधीशांना स्वतः पडताळून पाहता येईल. अहवाल लिहिताना हे डोळ्यासमोर हवं. ज्याने कधी खतावणी उघडली नाही अशा वाचकालाही पान १ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत बोट धरून जाता आलं पाहिजे.

तुम्ही नेमलेल्या तज्ज्ञाखेरीज आणखी एक वाट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ११ खाली कोर्ट हिशेब तपासायला स्वतः कमिशनर नेमू शकतं. लवादापुढे वाद असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम २६ लवादाला तज्ज्ञ नेमण्याचा अधिकार देतं. कोर्ट कमिशनरवर पक्षपाताचा आरोप टिकणं कठीण. तोटा हा की प्रश्न तुमच्या हातात राहत नाही आणि वेळ लागतो. मोठ्या वादात दोन्ही करतात: आपला तज्ज्ञ आधी, म्हणजे कमिशनरपुढे नेमकं काय मांडायचं ते कळतं.

उलट बाजूला तुम्ही असाल तर? बँकेने तुमच्या खात्याची फॉरेन्सिक तपासणी करून खातं ‘फ्रॉड’ ठरवायला घेतलं, असं धरा. स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की असं ठरवण्याआधी कर्जदाराला म्हणणं मांडू दिलंच पाहिजे. त्यानंतर जुलै २०२४ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायला किमान २१ दिवस ठेवले. एवढ्या दिवसांत जाडजूड अहवालातली गृहीतकं तपासणं एकट्या व्यापाऱ्याला जमणार नाही. इथे आपला तज्ज्ञ असण्याचा पैसा वसूल होतो.

घटस्फोट आणि पोटगीच्या वादात सूर वेगळा असतो. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नोकरदाराच्या बाबतीत एवढ्याने काम भागतं. नवऱ्याचा धंदा असेल आणि विवरणपत्रात उत्पन्न किरकोळ दिसत असेल तर गाडीचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, कार्डांवरचा खर्च यांची बेरीज त्या उत्पन्नात बसते का, हे दाखवायला तज्ज्ञाचं दहा-पंधरा पानांचं टिपण पुरतं. त्यासाठी मोठी नेमणूक करू नये.

पतसंस्थेत किंवा गुंतवणूक योजनेत पैसे अडकलेल्या ठेवीदाराने तर स्वतःच्या खर्चाने तज्ज्ञ नेमूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिकने हे दुःख पुरेसं पाहिलंय. २०१४ मध्ये केबीसी आणि २०१६ मध्ये मैत्रेय या गुंतवणूक योजनांत. अशा प्रकरणांत ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागतो आणि हिशेबाचा माग काढणं हे तपास यंत्रणेचं काम असतं. मैत्रेयच्या वेळी नाशिकच्या कोर्टाच्या आदेशाने एस्क्रो खातं उघडून त्यातून ठेवीदारांना पैसे परत करण्याची वाट काढली गेली. राज्याच्या सहकार कायद्याखालची संस्था असेल तर कलम ८३ ची चौकशी आणि मग कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणं, हा ठरलेला रस्ता. नाशिक जिल्हा मध्यवर्ती बँकेचं प्रकरणही कलम ८८ पर्यंत गेलं. लेखापरीक्षकाला गैरव्यवहार दिसला तर त्यानेच फिर्याद द्यावी, अशी तरतूद कलम ८१ मध्ये आहे. रस्ता लांबचा आहे आणि लोक वैतागतात, पण एकेकट्या ठेवीदाराने अहवाल आणून तो आखूड होत नाही. ठेवीदार संघटित असतील तर चौकशी अधिकाऱ्यापुढे मुद्दे मांडायला एखादा जाणकार सोबत घ्यावा, तेवढं पुष्कळ.

भागीदारीच्या वादात मात्र वेळ हा पैशाइतकाच मोजायचा. विसर्जित फर्मच्या हिशेबाचा आणि नफ्यातल्या हिश्शाचा दावा विसर्जनाच्या तारखेपासून ३ वर्षांत लावावा लागतो. लबाडी लपवून ठेवली गेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजता येते, पण कधी कळली हेही मग सिद्ध करावं लागतं. व्यापारी स्वरूपाचा दावा असेल आणि तातडीचा मनाई आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पहिल्या टप्प्याचं टिपण हाती असताना त्या बैठकीला बसणं आणि नुसत्या संशयावर बसणं, यांत फार फरक पडतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळणं बंधनकारक आहे. वजनकाटेवाल्याला, भाड्याच्या ट्रकमालकाला, पॅड पुरवणाऱ्याच्या गोदामबाबूला आपल्या चिठ्ठ्या तुमच्यासाठी सांभाळायची काही गरज नाही. म्हणून वकिलाची पहिली नोटीस जाईल त्याच आठवड्यात या तिघांना पत्र जायला हवं, नोंदी राखून ठेवा म्हणून.